ओकारीमागची भूक

मराठी घरांत उलटी काढणं ही चोरून करायची गोष्ट नाही. पित्त चढलं, डोकं ठणकायला लागलं की मोरीत जाऊन घशात बोटं घालणारे काका आणि मावश्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ‘पडलं एकदाचं’ म्हणत ती माणसं चूळ भरतात आणि पंख्याखाली आडवी होतात. कुणी योगवर्गात शिकलेलं वमन करतं, कुणी वसंतात वैद्यांकडे पंचकर्माला जातं. त्यामुळे कॉलेजात जाणारी मुलगी जेवण झालं की लगोलग बाथरूममध्ये जाते आणि बाहेर येऊन ‘पित्त झालंय’ म्हणते, तेव्हा कुणाला शंका येत नाही. आई कोकम सरबत करून देते, फॅमिली डॉक्टर पित्ताच्या गोळ्या लिहून देतात, आणि अशी दोन-तीन वर्षं सहज निघून जातात.

बुलिमिया या आजाराला आपल्याकडे लपायला ही आयती जागा आहे. दुसरी जागा वजनाची. खाण्याच्या आजारांपैकी ॲनोरेक्सियात माणूस वाळत जातं. गालफडं बसली की शेजारपाजारचेही विचारतात. बुलिमियात वजन बहुधा साधारण असतं, कधी थोडं जास्तच. डबा संपलेला असतो, सणावाराला पंगतीत बसणं होतं, चारचौघांत हसणं-बोलणंही होतं. त्यामुळे खुद्द आजारी माणसालाही वाटत राहतं की मी काही आजारी नाही, मला फक्त तोंडावर ताबा नाही. या लेखात मला मुख्यतः याच समजुतीशी भांडायचं आहे. बुलिमियाचे आजचे उपचार ती समजूत उलटी केल्यावरच सुरू होतात.

नेमकं काय होतं

थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतर कुणी तेवढ्या वेळात खाईल त्याहून बरंच जास्त खाणं आणि खाताना ‘आता मला थांबता येत नाही’ असं वाटणं, हा आजाराचा एक भाग. मग ते खाल्लेलं निस्तरण्याची धडपड, हा दुसरा. त्यासाठी कुणी उलटी काढतं, कुणी जुलाबाची औषधं किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेतं, कुणी दुसऱ्या दिवशी कडकडीत उपाशी राहतं, कुणी अंगात त्राण नसताना तासन्‌तास पळत राहतं. टाइप १ मधुमेह असलेली काही मुलं-मुली इन्शुलिन मुद्दाम कमी घेतात किंवा चुकवतात, आणि हा प्रकार सर्वांत लवकर जिवावर बेततो. तिसरा भाग डोक्यातला: आपली किंमत काय, याचा निवाडा वजनकाट्यावर आणि आरशासमोर होत राहतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार हे चक्र सरासरी आठवड्यातून एकदा, तीन महिने चाललं तर बुलिमियाचं निदान होतं. आधीच्या निकषांत आठवड्यातून दोनदा अशी अट होती. ती सैल केली हे बरं झालं, कारण एकदा उलटी काढणारी व्यक्तीही तितकीच हैराण असते. उलटी झालीच पाहिजे असंही नाही. हादडणं आणि त्यानंतर उपाशी राहणं, एवढ्यावरही निदान होऊ शकतं. आपल्याकडे ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण उपाशी राहण्याला इथे मान आहे. आठवड्याचे वार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र अशी कारणं मिळत जातात आणि घरचे कौतुकच करतात. मात्र लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाल्ल्या आणि नंतर हळहळ वाटली, याला बुलिमिया म्हणत नाहीत.

आजाराला हे नाव दिलं जेराल्ड रसेल या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी, १९७९ मध्ये. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये त्यांना असे तीस रुग्ण भेटले होते, जे ॲनोरेक्सियाच्या रुग्णांसारखेच वजनाला घाबरत, पण हादडत आणि उलट्या काढत. उलटी काढताना बोटं दातांवर घासली जाऊन त्यांच्या पेरांवर घट्टे पडलेले रसेल यांना दिसले. डॉक्टर आजही ती खूण त्यांच्याच नावाने ओळखतात.

हा फक्त मुलींचा आजार आहे, हा एक गैरसमज. मुलींमध्ये तो जास्त आढळतो हे खरं, पण मुलगे विचारायला जात नाहीत आणि डॉक्टरही त्यांना विचारत नाहीत. फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडेवर शेवटचं षटक टाकून सामना जिंकल्यावर अंगातला शर्ट काढून धावत सुटलेला इंग्लंडचा अँड्र्यू फ्लिंटॉफ मुंबईकरांना आठवत असेल. २०२० मध्ये बीबीसीच्या माहितीपटात त्याने सांगितलं, की वजनावरून टीका होऊ लागल्यावर क्रिकेटच्या त्या दिवसांतच तो जेवणानंतर उलट्या काढू लागला होता, आणि त्यासाठी त्याने कधी उपचार घेतलेले नव्हते. आपल्याकडे अभिनेत्री रिचा चढ्ढा स्वतःच्या बुलिमियाबद्दल जाहीरपणे बोलली आहे. अशी उदाहरणं थोडीच, पण घरी विषय काढायला उपयोगी पडतात.

स्वतःबद्दल किंवा जवळच्या कुणाबद्दल शंका असेल, तर लंडनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये तयार केलेले पाच साधे प्रश्न आहेत. पोट नकोसं भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? आपण किती खातो यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन घटलंय का? इतर लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला तुम्ही जाड वाटता का? अन्नाने आयुष्याचा ताबा घेतलाय असं म्हणाल का? दोन किंवा अधिक ‘हो’ आले तर डॉक्टरांकडे जायला हवं. हे निदान नव्हे. पण दार ठोठावायला एवढं पुरतं.

हावरटपणा नव्हे, उपासमार

आता ‘तोंडावर ताबा नाही’ या समजुतीकडे येऊ. १९४४-४५ मध्ये, महायुद्धात उपासमार झालेल्या युरोपातल्या माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे समजून घेण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वखुशीने त्यात आले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांचं वजन जवळजवळ चौथाईने घटलं. त्याहून बोलका भाग पुढे आहे. या तरुणांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटल्या चाटू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. काहींनी नियम मोडून चोरून खाल्लं आणि नंतर अपराधीपणाने पोळले. प्रयोग संपून हवं तितकं अन्न मिळू लागलं तेव्हा कित्येक जण पोट तट्ट होईपर्यंत खात आणि तरी भूक भागली नाही म्हणत. यांतल्या एकालाही बारीक व्हायचं नव्हतं. आरशाशी त्यांचं भांडण नव्हतं. शरीर उपाशी ठेवलं, आणि शरीराने जे करायचं ते केलं.

ऑक्सफर्डचे मनोविकारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८० च्या दशकात बुलिमियावरची उपचारपद्धती बांधली, ती हेच गृहीत धरून. त्यांनी मांडलेलं चक्र असं: वजनाची धास्ती वाटते म्हणून खाण्याचे कडक नियम केले जातात. भात बंद, साखर बंद, सकाळी फक्त काळा चहा, संध्याकाळी सातनंतर काही नाही. हे नियम पाळणं कुणालाच जमत नाही, कारण भूक साचत जाते. मग घरी वाद होतो, परीक्षेचा निकाल लागतो किंवा नुसता एकटेपणा येतो, आणि एक बिस्कीट तोंडात जातं. ‘नियम मोडलाच आहे, तर आता काय!’ म्हणून पुडा संपतो, डबे उघडतात. नंतरच्या घाबरगुंडीत उलटी होते. उलटी ‘सुटकेचा मार्ग’ म्हणून माहीत झाली की पुढच्या वेळी खाताना उरलासुरला धरबंधही जातो. आणि रात्री लाजेने मान खाली घालून ठरतं: उद्यापासून आणखी कडक.

चक्र तिथेच, त्या ‘आणखी कडक’मध्ये, पुन्हा सुरू होतं. आजारी माणूस ज्याला औषध समजतो, तेच दुखणं असतं. घरचेही त्यालाच खतपाणी घालतात: ‘जरा मन घट्ट कर’, ‘जिभेवर ताबा ठेव’. आणि अन्न वाया घालवणं हे पाप आहे असं लहानपणापासून ऐकलेलं असल्यामुळे उलटी काढणाऱ्याला दुहेरी अपराध वाटतो.

सगळ्यांचीच सुरुवात डाएटपासून होते असं मात्र नाही. आनुवंशिकता, चिंता किंवा नैराश्याचा स्वभाव, सगळं बिनचूकच हवं हा अट्टाहास, लहानपणी वजनावरून झालेली चेष्टा, लैंगिक अत्याचार, अशा अनेक गोष्टींचा हात असतो. कुठल्या एका आईबापांनी ‘घडवला’ असा हा आजार नाही. आजूबाजूच्या हवेचा वाटा मात्र किती मोठा, हे फिजी बेटांवर दिसलं. तिथे भरलेल्या अंगाला मान होता. १९९५ मध्ये नाड्रोगा भागात टीव्ही आला, तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींना विचारलं. वजनासाठी उलटी काढतो असं एकीनेही सांगितलं नाही. १९९८ मध्ये असं सांगणाऱ्या मुली ११.३ टक्के होत्या. हे एका वाहिनीच्या जमान्यातलं. आज मुलांच्या हातातला फोन तर दिवसभर चेहरे आणि कमरा दाखवत असतो.

शरीरात काय बिघडतं

उलट्या आणि जुलाबांतून जे निघून जातं त्यात पोटॅशियमचं जाणं सर्वांत घातक. रक्तात त्याचं प्रमाण साधारण साडेतीन ते पाच मिलिमोल प्रति लिटर असायला हवं. ते उतरलं की थकवा, पायांत गोळे, धडधड सुरू होते. फार उतरलं तर हृदयाचा ठोका बिघडून मृत्यू येऊ शकतो, आणि वजन अगदी साधारण असलेल्या तरुण माणसालाही येऊ शकतो. त्यातून, हा आजार असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोकाही वाढलेला असतो. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, उलटीत रक्त, खूप अशक्तपणा, किंवा जीव द्यावासा वाटणं यांपैकी काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं.

बाकीच्या खुणा हळूहळू दिसतात. कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात आणि चेहरा गालफुगी झाल्यासारखा दिसतो. आरशात बघणाऱ्याला वाटतं आपण जाड झालो. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू पोटातल्या आम्लाने झिजते. कित्येकदा पहिली शंका दंतवैद्यांनाच येते. घसा धरलेला राहतो, पाळी अनियमित होते, पोट साफ होत नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो: वजन ताब्यात ठेवण्याचं साधन म्हणूनही हे उपाय कुचकामी आहेत. उलटी होईपर्यंत खाल्लेल्यातला बराच भाग आत राहिलेला असतो. जुलाबाची औषधं मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात आणि अन्नातली ऊर्जा त्याआधीच लहान आतड्यात शोषली गेलेली असते. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी. ते प्यायलं की परत येतं. ‘आयुर्वेदिक चूर्ण आहे, अपाय नाही’ हे समाधानही खोटं आहे, कारण सोनामुखी असलेली चूर्णं आतड्यांना तशीच पिळतात.

ही औषधं किंवा उलट्या एकदम थांबवल्या की काही दिवस पायांवर, चेहऱ्यावर सूज येऊ शकते आणि पोट जड राहतं. शरीर पाणी धरून ठेवतं म्हणून असं होतं, आणि काही दिवसांत ते ओसरतं. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस हबकतो, ‘बघा, थांबवलं आणि फुगले’ म्हणतो आणि पुन्हा तेच सुरू करतो. बरीच मंडळी इथूनच मागे फिरतात. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं.

उपचार: घड्याळ लावून खाणं

पहिल्या भेटीत डॉक्टर पोटॅशियम, सोडियम, मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि ईसीजी सांगतील. रिपोर्ट चांगले आले म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. बहुतेकांना दवाखान्यात दाखल व्हावं लागत नाही. रक्तातले क्षार धोक्याच्या पातळीवर गेले असतील, जिवाला धोका असेल, गरोदरपण असेल, तर गोष्ट वेगळी.

प्रौढांसाठी सर्वांत जास्त पुरावा असलेला उपचार म्हणजे खाण्याच्या आजारांसाठी खास बेतलेली वर्तन-विचार उपचारपद्धती, इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीटी. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत वीस आठवड्यांत सुमारे वीस बैठका असा तिचा आराखडा आहे. आधी त्याच पद्धतीवरचं स्वयंसाहाय्याचं पुस्तक आणि सोबत थोडं मार्गदर्शन, एवढ्याने भागतंय का हेही पाहतात. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा भेटायचं असतं. पहिल्या बैठकीत समुपदेशक तुमच्याबरोबर बसून तुमचं चक्र कागदावर काढतात. मग दोन कामं देतात.

एक, नोंदवही. काय खाल्लं, कधी, कुठे, ते ‘हादडणं’ वाटलं का, उलटी काढली का, त्या वेळी काय चाललं होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. आणि दिवसाअखेरी आठवून नाही, तर खाल्ल्याबरोबर लिहायचं. सुरुवातीला हे नकोसं वाटतं. पण आठवडाभराची पानं समोर आली की आपोआप दिसतं: ज्या दिवशी दुपारचं जेवण टाळलं, त्या संध्याकाळी सहाला गडबड झाली.

दोन, ठरलेल्या वेळी खाणं. सगळ्या उपचाराचा कणा हाच, आणि इथेच रुग्ण सर्वांत जास्त घाबरतो. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी. दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. आपल्या घरात बसवायचं तर सकाळी आठला पोहे, उपमा किंवा पोळी-भाजी, अकराला केळं किंवा ताक, एक-दीडला पूर्ण जेवण, चार-साडेचारला चहाबरोबर काहीतरी चावून खायचं, आठला जेवण, झोपायला उशीर असेल तर दूध. काय खायचं हा प्रश्न सुरुवातीला दुय्यम. कधी खायचं हा मुख्य. भूक लागली म्हणून नव्हे तर वेळ झाली म्हणून खायचं, कारण या आजारात भुकेची आणि पोट भरल्याची जाणीव विस्कटलेली असते, तिच्यावर सध्या विसंबता येत नाही. सकाळी गडबड झाली तरी दुपारचं जेवण ठरल्या वेळीच. ते टाळून भरपाई करायची नाही.

‘एवढं खाल्लं तर मी फुगेन’ ही भीती प्रत्येकाला असते. ज्यांनी हे उपचार पूर्ण केले त्यांचं वजन सरासरीने फारसं बदलत नाही, असं अभ्यासांत दिसतं, कारण हादडणंच कमी होतं. हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून आठवड्यातून एकदाच, समुपदेशकांसमोर वजन करतात. घरचा काटा उचलून ठेवायचा. दिवसातून चार वेळा काट्यावर चढणाऱ्याला पाण्याचे आणि मिठाचे चढउतारच दिसत राहतात.

दिवसातून दोनदाच जेवायचे, सोळा तास पोटाला विश्रांती द्यायचे प्रयोग सध्या महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहेत. ते इतरांना मानवोत न मानवोत. बुलिमिया असलेल्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. तीच गोष्ट उपवासांची. आजाऱ्याला उपवासातून मोकळीक आहे, हे कुठल्याही घरातली आजी सांगेल. तेव्हा बरं होईपर्यंत ते सोडावेत आणि घरच्यांनीही ‘एक दिवसाने काय होतंय’ म्हणू नये. योगवर्गातलं वमन आणि पंचकर्मातलं वमनही बंद. वैद्यांना आजार स्पष्ट सांगा.

उलटीची ऊर्मी येईल तेव्हा काय करायचं, याची यादी आधीच लिहून ठेवतात, कारण ऐन वेळी डोकं चालत नाही. ऊर्मी चढते, काही वेळ टिकते आणि उतरते. तेवढा वेळ बाथरूमपासून लांब काढायचा असतो. गच्चीवर फेरी, मैत्रिणीला फोन, भाजी निवडणं, हाताला काम देणारं काहीही. जेवणानंतरचा तास एकटं बसू नये.

हे मार्गी लागलं की वर्ज्य पदार्थांकडे वळतात. प्रत्येकाची ‘हे कधीच नाही’ अशी यादी असते: बटाटेवडा, तूप-भात, श्रीखंड, चॉकलेट. सर्वांत कमी भीतीच्या पदार्थापासून सुरुवात करून ते एकेक करून ठरल्या खाण्यात, शांत दिवशी, कुणाच्या तरी सोबतीने आणतात. तूप-भात चारदा खाल्ल्यावर तो निव्वळ तूप-भात उरतो. बरोबरीने आरशात पुन्हा पुन्हा बघणं, पोट चिमटीत धरून पाहणं, इतरांशी तुलना करणं या सवयींवर काम होतं, आणि ‘वजनाशिवाय माझ्यात काय आहे’ या जास्त अवघड प्रश्नावरही. शेवटच्या बैठकांत पुढच्या धोक्याच्या वेळा ओळखतात: परीक्षा, लग्न ठरणं, बाळंतपण, दिवाळीचा फराळ. पुढे कधी एकदा उलटी झाली म्हणजे सगळं वाहून गेलं, असं मानायचं नाही. त्या दिवशी पुन्हा नोंदवही काढायची.

पहिल्या महिन्यात उलट्या घटू लागल्या तर पुढचा निकाल चांगला लागतो, असं संशोधन सांगतं. घटल्या नाहीत तर तसंच रेटत राहू नये, डॉक्टरांशी दुसऱ्या मार्गाबद्दल बोलावं. नात्यांतल्या गुंत्यांवर काम करणारी आंतरवैयक्तिक उपचारपद्धती हा एक मार्ग. तिचा गुण उशिरा येतो, पण येतो. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचं हादडणं आणि उलट्या पूर्ण थांबतात, उरलेल्यांपैकी अनेकांचं बरंच कमी होतं. काहींना वेळ लागतो. दहा वर्षं जुना आजारही बरा होतो, तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणू नये.

औषधांत फ्लुओक्सेटिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बुलिमियासाठी मान्यता दिली आहे. नैराश्यात ते सहसा २० मिलिग्रॅमपासून देतात. बुलिमियात ६० मिलिग्रॅमचा डोस गुणकारी ठरला. नैराश्य नसलं तरी ते हादडण्याची आणि उलट्यांची वारंवारता कमी करतं. तो आकडा वाचून स्वतः काही ठरवू नका. तरुणांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जीव द्यायचे विचार वाढतात का यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि नुसत्या गोळीने आजार सहसा जात नाही. दुसरं, नैराश्य किंवा धूम्रपान सोडण्यासाठी दिलं जाणारं ब्युप्रोपियॉन बुलिमियात टाळतात, कारण त्याने झटके येण्याचा धोका वाढतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरांपासून उलट्या लपवू नयेत.

घरच्यांनी

शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी कुटुंबाला सामील करून घेणारी पद्धत पहिली निवडतात: सहा महिन्यांत अठरा ते वीस बैठका. त्यात आई-वडील मुलांबरोबर जेवायला बसतात, जेवणानंतर सोबत थांबतात, ठरल्या वेळी ताट वाढलं जातंय हे बघतात. ही पहारेदारी नव्हे. मुलाला जे एकट्याने जमत नाही ते काही काळ मोठ्यांनी उचलायचं, एवढंच. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत तिची परवानगी घेऊनच मदत करावी.

बोलायचं कसं? जेवणाच्या ताटावर नाही, आणि चार माणसांत तर नाहीच. दुपारी, चालताना, गाडीत. ‘तू ओकतेस, मला माहीत आहे’ असा रंगेहाथ पकडल्याचा सूर नको. ‘जेवल्यावर तू बराच वेळ आत असतेस, मला काळजी वाटते. तू मला सांगितलंस तरी मी रागावणार नाही, आणि आपण डॉक्टरांकडे बरोबर जाऊ’ एवढं पुरे. ती बहुधा नाही म्हणेल. तेव्हा वाद घालू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. फ्रिजला कुलूप, बाथरूमचं दार काढून टाकणं, देवाची शपथ, या सगळ्याने लपवण्याची कला तेवढी वाढते.

आणि अंगावरची शेरेबाजी बंद करा. सगळ्यांच्याच, फक्त आजारी मुलीच्या नव्हे. मावशी आल्या आल्या ‘तब्येत सुधारली हं’ म्हणतात ते प्रेमाने, पण या मुलीला ते ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं. ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ हे तर त्याहून वाईट, कारण कौतुक आजाराचं होतं. लग्न ठरलेल्या मुलीला ‘आता शालू नेसायचाय’ म्हणून जिम लावून देणाऱ्यांनी दोनदा विचार करावा.

कुठे जायचं

मनोविकारतज्ज्ञ आणि नैदानिक मानसशास्त्रज्ञ हे दोघं मुख्य, आहारतज्ज्ञ साथीला. फोनवरच विचारा: ‘खाण्याच्या आजारांचे रुग्ण तुम्ही पाहता का?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही. पहिल्याच भेटीत वजन कमी करायचा तक्ता हातात ठेवणाऱ्या आहारतज्ज्ञांचे आभार मानून बाहेर पडा. खर्च परवडत नसेल तर सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. गोव्यात बांबोळीला मनोरुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही आहेत. कुणाशी बोलायचं हेच सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती ऑक्टोबर २०२२ पासून मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, आणि विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. पॉलिसीत काय लिहिलंय ते मात्र दाखल होण्याआधी वाचून घ्या.

समोर बसल्यावर तोंड उघडत नसेल तर आधी कागदावर चार ओळी लिहून न्या: किती दिवसांपासून, आठवड्यातून किती वेळा, कुठली औषधं घेता, पाळी कशी आहे, चक्कर येते का. कागद पुढे सरकवला तरी चालतो.

राहिले दात. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आम्लाने मऊ झालेला वरचा थर ब्रशने आणखी खरवडला जातो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासानंतर मऊ ब्रश वापरा. दंतवैद्यांना खरं कारण सांगा. ते दुखरे दात सांभाळतील, फ्लोराइड लावतील. कॅपचं आणि इतर महागडं काम मात्र उलट्या थांबल्यावरच करून घ्या, नाहीतर आम्ल त्याच्याही कडा खातं.